न दिसणाऱ्यांची भीड

१८३०च्या दशकातल्या कैरो शहरात माणसं जमिनीवर पाणी ओतण्याआधी क्षणभर थांबत आणि ‘दस्तूर’ म्हणत. दस्तूर म्हणजे ‘परवानगी असावी’. तिथं एखादा जिन बसलेला असला तर त्याच्या अंगावर पाणी पडू नये, निदान पडण्याआधी त्याला बाजूला सरकायला वेळ मिळावा, एवढाच हेतू. विहिरीत पोहरा सोडताना दस्तूर, चूल पेटवताना दस्तूर, हमामात शिरताना दस्तूर. एडवर्ड विल्यम लेन हा इंग्रज अभ्यासक तिथल्या वेशात, तिथल्याच वस्तीत राहिला आणि इजिप्तच्या लोकांच्या चालीरीतींवर १८३६ साली त्यानं जे पुस्तक छापलं, त्यात हे सगळं बारकाईनं नोंदवलं. ज्या प्रकरणात ही नोंद येते त्याचं नाव ‘अंधश्रद्धा’.

मला या माणसांची स्तुती करायची आहे. त्यांना भोळसट म्हणा, वेडं म्हणा, मूर्ख म्हणा. मी यातला एकही शब्द खोडणार नाही. जमिनीखाली कुणी बसलेलं नसतं हे मीही मानतो. पण रिकाम्या जागेलाही विचारून पाणी ओतणाऱ्याचा हात भरल्या जागेवर सहसा बेफिकिरीनं उठत नाही. शहाण्यांना ही जागा मोकळी दिसते, म्हणून ते विचारत नाहीत. वेड्यांना ती कुणाची तरी वाटते, म्हणून ते अदबीनं वागतात. अरबांनी शेकडो वर्षं जपलेल्या या वेडानं त्यांना काय काय दिलं, ते एकेक करून सांगण्यासारखं आहे.

आधी हे जिन कोण ते पाहू. कुराणाच्या वर्णनानुसार माणूस मातीतून घडला आणि जिन धूर नसलेल्या आगीतून. परंपरा त्यात तिसरी जात सांगते, प्रकाशातून घडलेल्या फरिश्त्यांची. फरिश्त्यांना भूक नाही, मोह नाही. जिन मात्र आपल्यासारखेच. ते खातात-पितात, लग्नं करतात, त्यांना पोरंबाळं होतात, आणि कितीही जगले तरी शेवटी मरतात. त्यांच्यात भले आहेत तसे बुरेही आहेत; मुसलमान आहेत, ज्यू आहेत, ख्रिस्ती आहेत आणि कशालाच न मानणारेही आहेत. कुराणाचा ७२वा अध्याय त्यांच्याच नावाचा आहे. त्यात जिन स्वतः सांगतात की आमच्यात सगळे सारखे नाहीत. ५५व्या अध्यायात एकच प्रश्न ३१ वेळा येतो आणि तो दोघांना मिळून विचारलेला आहे, माणसांना आणि जिनांना. मक्केत त्यांच्या नावाची मशीद आहे. शिवाय लोककथांनी त्यांच्यात नाना प्रकार मोजले: अचाट ताकदीचा इफ्रित, बंडखोर मारिद, वाळवंटात वाटसरूला चकवून खाणारी घूल, रूप पालटणारी सिअलात. वाळूची वावटळ उठली की कैरोकर तिच्यात जिन पाहत आणि ‘लोखंड, लोखंड’ असं ओरडत, कारण जिनांना लोखंडाचं भय.

या वेडाचा पहिला उपकार म्हणजे त्यानं माणसाला आपल्या हातून नकळत घडणाऱ्या इजेचा विचार करायला लावला. ‘अरेबियन नाइट्स’ मराठी वाचकांना नवी नाही. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकात ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ मराठीत आणल्या, आणि पुढे गौरी देशपांडे यांनी बर्टनच्या इंग्रजी आवृत्तीवरून १६ खंड सिद्ध केले. त्यात शहरजाद पहिल्याच रात्री एका व्यापाऱ्याची गोष्ट सांगायला घेते. व्यापारी प्रवासात झाडाखाली बसतो, शिदोरी सोडतो, खजूर खातो आणि बी दूर फेकतो. लगेच हातात तलवार घेतलेला जिन समोर उभा राहतो. तू फेकलेली बी माझ्या मुलाच्या छातीत लागली आणि तो गेला, असं त्याचं म्हणणं.

व्यापाऱ्याला मूल दिसलं नव्हतं. ते दिसण्यासारखंही नव्हतं. आजचा कुणीही म्हणेल, मग त्याचा काय दोष? व्यापारी मात्र वाद घालून निसटू पाहत नाही. तो देणी फेडायला आणि घरच्यांची व्यवस्था लावायला मुदत मागतो, शपथेवर घरी जातो, ज्याचं त्याला देऊन टाकतो, मृत्युपत्र करतो आणि ठरल्या दिवशी त्याच झाडाखाली येऊन बसतो. त्याला कुणी धरून आणलेलं नाही. दिलेल्या शब्दाखातर मरायला परत येणं हा व्यवहाराच्या हिशेबात शुद्ध मूर्खपणा. पण गोष्ट त्याच मूर्खपणावर तरते. तो परत आला म्हणून वाटेवरचे तीन म्हातारे त्याच्यापाशी थांबले आणि आपापल्या गोष्टी सांगून प्रत्येकानं जिनाकडून त्याच्या रक्ताचा तिसरा हिस्सा माफ करून घेतला. हे वाचत वाढलेली मुलं बी फेकण्याआधी एकदा तरी समोर बघत असतील. मला ही शिकवण फार मोलाची वाटते.

दुसरा उपकार घरातला आहे. पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहांत एक नियम सापडतो: शौचानंतर स्वच्छतेसाठी हाड किंवा वाळलेलं शेण वापरू नये, कारण हाड हे जिनांचं अन्न आहे आणि शेण त्यांच्या जनावरांचं. आपण चघळून टाकलेल्या, अल्लाचं नाव घेतलेल्या हाडावर त्यांच्यासाठी पुन्हा मांस भरतं. आपल्या उष्ट्यावर कुणी जगत असेल, तर ते उष्टंही घाण करू नये. जेवणाऱ्यानं आपल्यामागे जेवणाऱ्याचा विचार करावा, ही गोष्ट इतक्या खालच्या पातळीपर्यंत, अगदी टाकून दिलेल्या हाडापर्यंत नेणारा नियम मला दुसऱ्या कुठल्याच शिष्टाचारात आढळलेला नाही.

त्याच संग्रहांत मदीनेतल्या घरात निघणाऱ्या सापांविषयीही एक आज्ञा आहे. घरात साप दिसला तर लगेच मारू नका, तो जिन असू शकतो. आधी त्याला बजावा, मुदत द्या. तरीही तो गेला नाही तरच मारा. या आज्ञेमागची हकिकत हृदय पिळवटणारी आहे. खंदकाच्या लढाईच्या दिवसांत एक नवं लग्न झालेला तरुण दुपारी परवानगी घेऊन घरी येत असे. एकदा आला तर बायको उघड्या दारात उभी. त्याचं डोकं फिरलं, त्यानं भाला उगारला. ती म्हणाली, भाला आवर, आत जाऊन बघ. आत अंथरुणावर मोठा साप वेटोळं घालून बसला होता. त्यानं साप भाल्यावर घेतला. सापानं तडफडत त्याच्यावर झेप घेतली. दोघांत आधी कोण मेलं, तो तरुण की साप, हे कळलंच नाही. एकाच दुपारी तो दोनदा घाईनं भाला उचलतो. पहिल्यांदा बायकोच्या शब्दानं वाचतो, दुसऱ्यांदा अडवणारं कुणी नसतं. ही हकिकत ऐकून ज्यांनी सापासमोर थांबायची, त्याच्याशी बोलायची सवय लावून घेतली, त्यांना मी मनापासून नमस्कार करतो.

घुलीच्या गोष्टीतही असंच थांबणं आहे. घूल कोणतंही रूप घेते, फक्त तिचे पाय गाढवाचेच राहतात, असं दहाव्या शतकातला इतिहासकार अल-मसूदी नोंदवतो. तिला मारायचं तर एकाच घावात. दुसरा घाव घातला की ती पुन्हा जिवंत होते. म्हणून ती पडल्या पडल्या विनवते, आणखी एक घाल. जो जिंकल्यावर हात आवरतो तो वाचतो, आणि ज्याला पडलेल्या शत्रूला मारायची हौस आवरत नाही तो मरतो. युद्धशास्त्राच्या पोथीशिवायच हा धडा इथं मिळतो.

तिसरा उपकार कायद्याचा, आणि शहाणी माणसं सर्वात जास्त टिंगल करतात ती याचीच. बद्र अल-दीन अल-शिब्ली हा चौदाव्या शतकातला हनफी काझी, आजच्या लेबनॉनमधल्या त्रिपोली शहरात न्यायदान करणारा. तो १३६७ साली वारला. त्यानं जिनांच्या कायद्यावर १४० प्रकरणांचा ग्रंथ लिहिला. पुढे कैरोच्या अल-सुयूतीनं तो संक्षिप्त केला. जिन खातात का? त्यांना पाप-पुण्य लागू आहे का? जिनाच्या मागे उभं राहून केलेला नमाज ग्राह्य धरायचा का? माणूस आणि जिन यांचं लग्न लावता येतं का? आयुष्यभर वारसाहक्काचे, कर्जाचे, तलाकचे खटले ऐकणारा माणूस, कुणी तक्रार न केलेल्या, कधी कोर्टात न येणाऱ्या पक्षकारांचे हक्क आणि कर्तव्यं ठरवत बसला.

हा वेळेचा अपव्यय होता, असं मला वाटत नाही. कायदा समोर उभ्या असलेल्यांसाठी असतोच. जो समोर येऊ शकत नाही, ज्याला आवाज नाही, ज्याचं अस्तित्वही वादग्रस्त आहे, त्याचं देणं-घेणं काय, हा विचार करायला मनाला वेगळा सराव लागतो. शिब्लीनं तो सराव केला. या विचारात तो वाहवतही गेला नाही, कारण त्याच्यामागे इमामांची परंपरा होती. मदीनेचे इमाम मालिक यांच्याकडे येमेनमधून प्रश्न आला, असं शिब्लीच्या ग्रंथात नोंदलं आहे: एक जिन आमच्या मुलीला रीतसर मागणी घालतो आहे, काय करावं? मालिक यांचं उत्तर असं की धर्माच्या दृष्टीनं मला यात वावगं दिसत नाही. पण उद्या एखादी बाई गरोदर दिसली आणि नवरा कोण विचारल्यावर जिन म्हणाली, तर समाजात अनाचार माजेल, म्हणून मला हे पसंत नाही. जिन नसतात, असं त्यांनी म्हटलं नाही. मुलीला वेडी ठरवलं नाही. प्रश्न विचारणाऱ्याची अब्रू राखली, आणि निकाल मात्र माणसांच्या जगातलं हित बघून दिला.

इमाम शाफिई यांच्या नावावर याहून कडक मत सांगितलं जातं. जिनांना पाहिल्याचा दावा जो करील, त्याची साक्ष न्यायालयात चालणार नाही. अपवाद फक्त पैगंबराचा. जिनांवर विश्वास ठेवायला मोकळीक आहे, किंबहुना ते कर्तव्यच आहे. पण मला दिसतात म्हणालात की तुमच्या शब्दाची किंमत संपली. माझ्या मते या सगळ्या विषयातलं हे सर्वात खोल वाक्य आहे. न दिसणाऱ्यांची भीड बाळगणं वेगळं, आणि त्यांच्या नावावर अधिकार गाजवणं वेगळं. भीड बाळगणाऱ्या वेड्याची मी स्तुती करतो. अधिकार सांगणारा वेडा नसतोच, तो फार हुशार असतो.

त्या हुशारीची गोष्ट लेननं कैरोत ऐकली होती. एका गरीब शेखकडे आवडती काळी मांजर होती, त्याच्या मच्छरदाणीच्या पायथ्याशी झोपायची. एकदा मध्यरात्री दार वाजलं. मांजर उठली, खिडकीची झडप उघडून तिनं विचारलं, कोण आहे? खालून उत्तर आलं, मी अमुक जिन, दार उघड. मांजर म्हणाली, कुलपावर अल्लाचं नाव घेतलं आहे. मग दोन भाकऱ्या तरी टाक. भाकरीच्या टोपलीवर नाव घेतलं आहे. मग घोटभर पाणी दे. पाण्याच्या मडक्यावरही घेतलं आहे. उपाशी जिन कळवळला, तेव्हा मांजरीनं त्याला शेजारच्या घराकडे नेलं, तिथलं दार उघडून दिलं आणि परत येऊन झोपली.

शेख जागा होता, त्यानं सगळं ऐकलं. रोज सकाळी तो आपल्या न्याहारीतला एक घास मांजरीला द्यायचा. त्या दिवशी त्यानं अर्धी पोळी दिली आणि म्हणाला, माझी परिस्थिती तुला ठाऊक आहे, थोडं सोनं आणून दे. मांजर तिथल्या तिथे नाहीशी झाली ती कायमची.

एक घास देणारा शेख मूर्ख होता. त्याला मोबदला ठाऊक नव्हता. अर्धी पोळी देणारा शेख शहाणा झाला, त्यानं हिशेब मांडला. मांजर गेली ती शहाण्या शेखकडून. पोळी मोठी झाली तरी तिच्यातलं देणं संपलं होतं, हे त्या मांजरीला कळलं.

आज अरब जगात आणि त्याबाहेरही जिन उतरवण्याचा धंदा करणारे आहेत. त्यांच्या मारहाणीत, गळा दाबण्यात आजारी माणसं दगावली आहेत. या बाबतीत माझ्या मनात कसलाही संदेह नाही. महाराष्ट्राचा २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणं, काठीनं-चाबकानं मारणं हा गुन्हा ठरवतो, आणि तो तसाच असायला हवा. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षं झगडा केला आणि प्राण दिला. तो कायदा कृत्याला शिक्षा करतो, उंबऱ्यावर थबकणाऱ्या म्हातारीला नाही. शाफिईंचा नियम लोकांनी मानला असता तर एकाही मांत्रिकाला, जिन वश केल्याचं सांगणाऱ्या एकाही आमिलला तोंड उघडता आलं नसतं. मला जिन दिसतो, माझं तो ऐकतो, असं म्हणणाऱ्याची साक्ष तिथेच बाद.

आणि जिनांना तरी काय कळतं? कुराणातच सुलेमानाची हकिकत आहे. जिन त्याच्या हुकमाखाली राबत होते. सुलेमान काठीवर रेलून उभा असतानाच वारला. जिनांना पत्ताच नाही. ते काम करत राहिले. वाळवीनं काठी पोखरली, काठी मोडली, देह कोसळला, तेव्हा त्यांना उमगलं की आपण मेलेल्या धन्याच्या धाकानं कष्ट उपसत होतो. अदृश्यातलं ज्ञान जिनांनाही नाही, ही कथेची शिकवण. मग त्यांच्याकडून ते ज्ञान मिळवून विकणाऱ्याकडे काय असणार?

इजिप्त आणि सुदानमधल्या बायकांनी या मांत्रिकांना फार आधी उत्तर शोधलं होतं. त्याचं नाव झार. बाईच्या अंगात आलेल्याला तिथं हाकलत नाहीत. ढोल वाजतात, धूप जळतो, जाणती बाई त्याला विचारते, तुला काय हवं? तो मागतो. लाल कपडा मागतो, चांदीचा दागिना मागतो, मेंढा मागतो, मैत्रिणींच्या घोळक्यात रात्रभर नाच मागतो. घरच्यांना ते द्यावं लागतं, आणि मग तह होतो. जे तिनं स्वतःसाठी मागितलं असतं तर हट्टीपणा ठरला असता, ते दुसऱ्या कुणासाठी मागितलं म्हणून मिळालं. धर्मपंडितांनी झारला पाखंड म्हटलं, सुशिक्षितांनी अडाणीपणा म्हटलं. पण पाखंड म्हणणाऱ्यांनी आणि अडाणीपणा म्हणणाऱ्यांनी त्या बाईला काय हवं, हे कधी विचारलं होतं?

विचारणारं कुणीतरी असावं ही भूक दिल्लीतही दिसते. फिरोजशाह तुघलकानं १३५४च्या सुमारास वसवलेल्या कोटल्याच्या अवशेषांत दर गुरुवारी माणसं जिनांच्या नावानं अर्ज ठेवतात. अर्जात नाव, पत्ता, कधी फोटोसुद्धा. त्याच्या झेरॉक्स प्रती काढून वेगवेगळ्या कोनाड्यांत ठेवायच्या, जशा सरकारी कचेरीत वेगवेगळ्या खिडक्यांवर देतात. हिंदू येतात, मुसलमान येतात. आपली कैफियत शांतपणे, सुवाच्य अक्षरात, कुणी मध्येच न तोडता मांडायला मिळणं हा त्यांच्यासाठी लहान लाभ नसावा.

चौथा उपकार साहित्याचा. इस्लामपूर्व अरबांच्या समजुतीत प्रत्येक मोठ्या कवीचा एक जिन असे आणि कविता तो सुचवी. अब्कर नावाची दरी या जिनांचं घर. अकराव्या शतकात कोर्डोव्याचा कवी इब्न शुहैद यानं हीच समजूत घेऊन एक विलक्षण पुस्तक रचलं. कविता करता करता तो अडतो, तेव्हा घोड्यावर बसलेला एक जिन येऊन ओळ पुरी करतो. पुढे तोच त्याला जिनांच्या देशात नेतो. तिथं जुन्या कवींचे जिन भेटतात, इब्न शुहैद त्यांना आपल्या रचना ऐकवून मान्यता मिळवतो. जनावरांतही साहित्याचे वाद चाललेले असतात: खेचराच्या आणि गाढवाच्या प्रेमकवितांचा निवाडा त्याला करावा लागतो, आणि एक विद्वान हंसी त्याच्याशी हुज्जत घालते. कोर्डोव्यात तेव्हा यादवी माजली होती, खिलाफत कोसळत होती. दाद देणारा दरबार उरला नव्हता, म्हणून कवी जिनांच्या दरबारात गेला. उत्तम ओळ सुचली की ती आपली नव्हे, कुणीतरी दिली, असं मानणाऱ्या कवींची जात वेडी खरी. पण ती निगर्वी राहण्याची शक्यता जास्त.

आता प्रामाणिकपणे विरोधी पक्षाचं ऐकू. नवव्या शतकात बसरा शहरात अल-जाहिझ होऊन गेला, अरबी गद्याचा बादशहा. प्राण्यांवरच्या आपल्या प्रचंड ग्रंथात तो गुरू अल-नज्जामच्या आधारानं समजावतो की ओसाड वाळवंटात एकटा पडलेला माणूस भेदरतो, त्याला लहान वस्तू मोठी दिसते, नसलेलं ऐकू येतं. मग तो त्यावर कविता करतो, पुढच्या पिढीची मुलं ती कविता ऐकत मोठी होतात आणि एकटी पडली की तेच पाहतात. हे विश्लेषण अकराशेपेक्षा जास्त वर्षांपूर्वीचं आहे आणि आजही त्यात फारसं काही दुरुस्त करावं लागणार नाही. मी जाहिझच्या बाजूचा आहे.

पण त्याच ग्रंथात जाहिझ अम्र इब्न यर्बूची कथाही जपून ठेवतो. अम्रनं सिअलातीशी लग्न केलं. लोकांनी त्याला बजावलं होतं, तिला वीज दिसू देऊ नकोस. वीज दिसली की तिला आपला मुलूख आठवेल. वीज चमकायच्या बेतात असली की अम्र तिला पांघरूण घाली. मुलं झाली, संसार झाला. एका रात्री तो विसरला. वीज लखलखली, ती उंटावर बसली आणि निघून गेली. तिच्या मुलांच्या वंशजांना लोक सिअलातीची लेकरं म्हणत. ज्या माणसानं भ्रम कसा जन्मतो हे नीट उलगडून सांगितलं, त्यालाच ही कथा टाकून देववली नाही. माहेरापासून तोडून आणलेल्या बाईला एका विजेत काय आठवलं असेल, हे त्या भ्रमाखेरीज दुसऱ्या कशानंही सांगता आलं नसतं.

या वेडाची किंमतही आहे. ताहा हुसेन, आधुनिक इजिप्तचा थोर लेखक, लहानपणीच आंधळा झाला. आत्मचरित्रात तो सांगतो की रात्री पांघरुणाबाहेर अंगाचा जराही भाग राहिला तर इफ्रित येऊन छळतील, या धास्तीनं तो डोक्यापासून पायापर्यंत गुरफटून पडायचा, खोलीतला प्रत्येक आवाज ऐकत. मुलाला असं भिववणं क्रूर आहे. भीड शिकवायची तर भीतीशिवाय शिकवता आली पाहिजे. तो मुलगा पुढे इजिप्तचा शिक्षणमंत्री झाला, शिक्षण पाण्यासारखं आणि हवेसारखं सर्वांना मिळावं म्हणून झटला. डोळ्यांनी न दिसणारं जग त्याला इतरांपेक्षा जास्त ओळखीचं होतं, एवढं मात्र मी म्हणू शकतो.

शेवटचा उपकार जमिनीवर उमटलेला आहे. येमेनच्या अल-महरा प्रांतात बरहूतची विहीर आहे. ही खोदलेली विहीर नाही, जमिनीला पडलेलं ३० मीटर रुंद आणि ११० मीटरांहून खोल भोक. ते जिनांचं कारागृह आहे, असं तिथले लोक मानत आले. नाव घेणंही नको, जवळ जाणं तर दूरच. सप्टेंबर २०२१मध्ये ओमानचे गुहासंशोधक दोरांनी तळाशी उतरले. जिन सापडले नाहीत. साप होते, मेलेली जनावरं होती, गुहेतले छोटे धबधबे होते, आणि ठिबकणाऱ्या पाण्यानं घडवलेले गुहामोती होते. असे मोती बनायला फार काळ लागतो आणि एका माणसाच्या खिशात ते क्षणात जातात. सौदी अरेबियातलं हेग्रा, म्हणजे मदाइन सालिह, नबातियन लोकांनी डोंगरात कोरलेल्या थडग्यांचं शहर. शापित जागा, जिनांची जागा म्हणून लोक तिथं वस्ती करायला कचरत. थडग्यांचे दर्शनी भाग आजही उभे आहेत, आणि २००८ साली ते सौदी अरेबियाचं पहिलं जागतिक वारसास्थळ ठरलं. कोरडी हवा आणि एकाकी जागा यांचं श्रेय आहेच. पण लोकांच्या दूर राहण्याचंही आहे, असं मी मानतो.  पहारेकऱ्याचं आणि कुंपणाचं काम लोकांच्या मनातल्या संकोचानंही केलं.

दिसलेले जिन हा भ्रम असतो, हे जाहिझपासून आजपर्यंतच्या शहाण्यांनी दाखवून दिलं, आणि ते मला मान्य आहे. माझं म्हणणं पुढचं आहे. जिन गेले तरी न दिसणारे संपलेले नाहीत. आपण नाल्यात सोडलेलं पाणी खालच्या अंगाला भरणारी वस्ती आपल्याला दिसत नाही. आपण पोखरलेल्या डोंगराखाली राहणारी उद्याची माणसं अजून जन्मलेली नाहीत. त्यांच्या वतीनं खटला लढवायचा तर शिब्लीसारखा काझी लागेल, जो कधीच समोर न येणाऱ्या पक्षकारासाठी १४० प्रकरणं लिहील. त्यांच्या हिश्शाचा विचार करायचा तर हाडसुद्धा स्वच्छ टाकणारा हात लागेल.

म्हणून अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात ज्यांनी आयुष्य वेचलं त्यांना माझी एकच विनंती आहे. भीती काढा, मांत्रिकाची काठी काढून घ्या, शेखला सोनं मागायला शिकवणारी हाव उपटून टाका. पण त्याबरोबर भीड उपटली जाणार नाही, एवढं पाहा. जिनांना मानणाऱ्याचं मला भय वाटत नाही. जिन माझ्या मुठीत आहे म्हणणाऱ्याचं वाटतं, आणि त्याहून जास्त वाटतं ते आपल्यापलीकडे कुणी असू शकतं हे ठाऊकच नसलेल्या माणसाचं.